कामशेतहून लोणावळ्याला, हवा खायला

आमचे आबा मुंबईत डबे वाहायचे. आमच्या नाणे मावळातल्या गावातली निम्मी बाप्ये माणसं तेव्हा हेच काम करायची. सकाळी घराघरांतून जेवणाचे डबे गोळा करायचे, जेवणाच्या सुट्टीआधी ते कचेऱ्यांत पोचवायचे, आणि दुपारी रिकामे डबे पुन्हा ज्याच्या त्याच्या घरी नेऊन द्यायचे. आम्हाला आबा दिसायचे ते भाताच्या आवणीच्या वेळी चार दिवस, आणि मग चैत्रात गावच्या जत्रेला. चैत्रात सगळे डबेवाले एकदमच सुट्टी घेऊन यायचे. एरवी बायाबापड्यांचं असलेलं गाव आठवडाभर पांढऱ्या टोप्यांनी भरून जायचं.

जत्रा झाली की उरलेले दिवस कौलं चाळण्यात, बांध घालण्यात आणि गोठ्याचं कूड सारखं करण्यात जायचे. ही सुट्टी आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. मी आठ-नऊ वर्षांची असेन, म्हणजे पन्नास सालानंतरचीच गोष्ट. त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी आबा जेवायला बसले होते. जेवता जेवता ते म्हणाले, "पालखी झाली की आपुन लोणावळ्याला जायचं."

"कशाला? कोण आजारी हाय?" आईनं विचारलं.

"आजारी कशाला पायजे? हवा खायला."

आई भाकरी थापत होती. हात तसेच ठेवून ती म्हणाली, "हवा खायला? मग हितं आमी वरीसभर काय खातोय?"

आत्या चुलीपाशी बसली होती, ती तोंडाला पदर लावून हसली. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तिला घाटाखाली कोकणात दिलं होतं. नवरा लवकर गेला, पोरबाळ नव्हतं, म्हणून आबा तिला वर घेऊन आले होते. तेव्हापासून ती आमच्याकडेच होती, आणि म्हैस, वासरू अन् आम्ही दोन भावंडं हा सगळा कारभार तिच्याकडे होता.

आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. मुंबईत एका घरचा डबा ते उचलत. दर मे महिन्यात तिथली बाई सांगायची, "आता महिनाभर येऊ नका हं, आम्ही लोणावळ्याला चाललो हवा खायला." आणि त्या घरची सगळी माणसं महिन्यानंतर ताजीतवानी होऊन परत यायची. "आपल्याच मावळात येऊन राहत्यात ती," आबा म्हणाले. "गावी येताना दर खेपंला माझी गाडी लोणावळ्यावरनं येती. गाडी थांबती, मी खिडकीतनं बघतो, अन् फुडं येतो. तितं हाय तरी काय, ते एकदा उतरून बघावं म्हणतो."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "बघा मग," एवढंच म्हणाली. आमच्या घरात याचा अर्थ जायचं असा होता. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "म्हशीला काय लोणावळ्याला न्यायची? तुमी जावा."

आबांनी त्या खेपेला मुंबईहून एक पितळी डबा आणला होता, तीन पुडांचा. एक कुटुंब बदली होऊन दूर गेलं, त्यांनी जाताना तो आबांना दिला होता. आबांनी त्याला कल्हई करून घेतली होती. त्यांनी तो आईपुढे ठेवला आणि जरा लाजूनच म्हणाले, "जेवण ह्यात भर."

पालखीच्या दुसऱ्या दिवशी आईनं सकाळी उठून डबा भरला. घरात न येता, अंगणातूनच आबा पुन्हा पुन्हा विचारत होते, "भरला का?" शेवटी आई म्हणाली, "आता घोषा लावू नका. कचेरीत पोचवायचा न्हाई ह्यो."

कामशेतपर्यंत चालत, तिथून पॅसेंजरनं मळवली आणि मग लोणावळा. आई आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच आगगाडीत बसत होतो. लोहगड-विसापूर आम्हाला आमच्या शिवारातूनही दिसायचे, पण गाडीतून ते चालत असल्यासारखे वाटले, आणि धाकटा भाऊ त्यांना हात करत राहिला. लोणावळ्याला आम्ही उतरलो. गाडी पुढे निघून गेली. फलाटावर गर्दी पांगली, आणि आम्ही चौघं तिथंच उभे होतो.

"आता?" आईनं विचारलं.

आबांना पुढचं माहीत नव्हतं. हवा खायची म्हणजे नक्की काय करायचं हे त्यांनी त्या बाईला कधी विचारलं नव्हतं. थोडा विचार करून ते म्हणाले, "फिरायला जात्यात म्हणं."

मग आम्ही फिरायला निघालो. आबांची चाल म्हणजे डबेवाल्याची चाल. डोक्यावर पाटी असो की नसो, त्यांना हळू चालताच येत नसे. बाजारपेठेतून ते असे निघाले की माझा भाऊ रडकुंडीला आला, आणि आई मागून ओरडली, "आवं, कुणाचं जेवण खोळंबलंय का? सावकाश चाला की."

आबा थांबले. आम्ही जवळ गेलो. पुन्हा निघाले, आणि चार पावलांत पुन्हा पुढे. शेवटी आईनं भावाचा हात त्यांच्या हातात दिला. "ह्याच्या चालीनं चाला," म्हणाली. तेव्हा कुठे आम्हाला लोणावळा दिसायला लागला. उतरत्या छपरांचे बंगले, फाटकापाशी कागदी फुलांचे वेल, आणि दुकानांत पितळी परातींमध्ये रचलेली चिक्की. आईनं एका दुकानापुढे उभं राहून चिक्की बराच वेळ न्याहाळली. "गूळशेंगदाणंच की," असं म्हणून ती पुढे गेली. मग परत मागे आली आणि म्हणाली, "पर वड्या लय पातळ लाटल्यात. घ्या जरा."

वळवणच्या धरणाजवळ एका जांभळाखाली आम्ही जेवायला बसलो. तिथं पाण्यावरून वारा येत होता. आबांनी डबा मांडीवर घेतला. कडी काढली, पण झाकण उघडेनात. आम्ही त्यांच्याकडे बघत बसलो.

"उघडा की," आई म्हणाली.

"इतकी वर्सं डबं वाहिलं," आबा म्हणाले, "पर झाकण कधी उघडलं न्हाई. दुसऱ्याचा डबा उघडायचा नसतो. वास येतो निस्ता. कधी माशाचा, कधी वरणाचा. आत काय आसंल, असं मनात यायचं."

मग त्यांनी एकेक पूड काढलं. पहिल्यात तांदळाच्या भाकरी होत्या, घडी घालून बसवलेल्या. दुसऱ्यात पिठलं, आणि कडेला लसणाची चटणी. तिसऱ्यात जत्रेच्या पुरणाच्या करंज्या होत्या. आमच्या समजुतीनं त्या केव्हाच संपल्या होत्या. आईनं कुठे लपवून ठेवल्या होत्या कोण जाणे. आबांनी करंजीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्ये मला ठावं नव्हतं."

"ठावं असतं तर मग डबा कसला?" आई म्हणाली. ती दुसरीकडे बघत होती, पण तिला आनंद झाला होता हे मला तेवढ्या वयातही कळलं.

घरी आल्यावर आत्यानं विचारलं, "मग? कसली हाय हवा?"

"आपल्यावानीच," आई म्हणाली. आणि चूल पेटवता पेटवता पुढे म्हणाली, "पर बसून खाल्ली."

दुसऱ्या वर्षी जायचंच होतं, त्याबद्दल कुणी बोललंही नाही. त्या वर्षीची आठवण मात्र आईची आहे.

आम्ही एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर आंब्याच्या सावलीत टेकलो होतो. बंगल्यातून एक बाई बाहेर आली. नऊवारी इस्त्रीचं पातळ, हातात छत्री, कपाळाला घाम. आमच्याकडे बघून तिनं विचारलं, "काय गं, पाणी भरायला येतेस का? आमची बाई आज आलीच नाही."

आबा सवयीनं उठायलाच लागले. मुंबईत दिवसभर कुणी हाक मारली की उठायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाली, "न्हाई बाई. आमी सुट्टीवर हाय."

"सुट्टीवर?" बाईला कळेना.

"व्हय. हवा खायला आलोय, कामशेतकडनं."

मला वाटलं ही बाई आता हसणार. पण ती हसली नाही. तिनं आमच्याकडे, डब्याकडे, भावाच्या हातातल्या चिक्कीकडे बघितलं आणि जरा ओशाळून म्हणाली, "आम्हीही त्यासाठीच आलोय. गिरगावातून." मग कुंपणाच्या दगडी कठड्यावर ती स्वतःच टेकली. "पण माझी कसली सुट्टी? दीर-जावा, त्यांची मुलं, माझी मुलं. सकाळपासून तिसरा चहा झाला. घरी निदान दुपारी जरा पाठ टेकता येते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांच्याला तरी सैपाक करू नका. सांगा, उरलंसुरलं खावा."

"ऐकणार आहेत का?"

"एकदा सांगून तर बघा."

एवढंच बोलणं झालं. आत्ता विचार करते तेव्हा वाटतं, आई घरीसुद्धा इतकं ठाम कधी बोलली नव्हती. आईनं तिला करंजी दिली, ती तिनं तिथंच बसून खाल्ली. आतून कुणी तरी हाक मारली तेव्हा ती लगेच उठली नाही. दुसऱ्या हाकेला उठली. जाताना तिनं सांगितलं, "आत विहिरीचं पाणी गार आहे, हवं तर घ्या." आम्ही पाणी प्यायलो. परतीच्या गाडीत आई आबांना म्हणाली, "त्या बाईला सुट्टी घेता येत न्हाई. शिकावी लागती." आबांनी मान डोलावली. पहिल्या वर्षी लोणावळ्याच्या नावानं हसणारी आई त्या दिवसापासून त्या सुट्टीची मालकीण झाली. माघ सरला की ती हिशेब करायला लागायची, की जत्रा कधी, पालखी कधी, आणि आपला दिवस कधी.

मधली वर्षं माझ्या मनात एकमेकांत मिसळली आहेत. एकदा टांग्यात बसलो होतो. टांगेवाला घोडा दामटत होता तर आबांनी त्याला सांगितलं, "आरं, जरा येळ लागू दे. आमाला कुटं जायचं न्हाई." टांगेवाल्यानं असं गिऱ्हाईक पाहिलं नसावं. त्यानं लगाम सैल सोडला, आणि घोडा रस्त्याकडेचं गवत खात खात चालला. एकदा भाऊ धरणाच्या कडेला चिखलात रुतला आणि त्याची चप्पल कायमची गेली. एकदा ठाकर बायकांकडून पानाच्या द्रोणात करवंदं घेतली, अजून अर्धी कच्चीच होती, चिकानं सगळ्यांचे ओठ चिकटले आणि आबांना बोलता येईना. आई म्हणाली, "बरं झालं, जरा गप बसा." आणि आबा एवढे हसले की ओठ आपोआप सुटले. आबांची चालही हळूहळू बदलली. मी सातवीत गेले त्या वर्षी ते बाजारपेठेतून दोन्ही हात पाठीमागे बांधून, दुकानांच्या पाट्या वाचत चालले होते, आणि आम्ही त्यांच्या पुढे होतो.

मग एका वर्षी आबांना सुट्टी मिळाली नाही. त्यांच्या गटातला एक माणूस आजारी पडला, बदलीला कुणी मिळेना. पालखीपुरते ते आले आणि लगेच परतले. जाताना अंगणात उभे राहून आईला म्हणाले, "यंदा लोणावळा राहू दे. फुडल्या वर्सी बघू."

"का म्हणून?" आई म्हणाली. "वाट माझ्या बी पायाखालची हाय."

आबांना वाईट वाटेल असं मला वाटलं, पण त्यांचा चेहरा खुलला. "जावा मग," म्हणाले. "मला येऊन सांगा काय काय बघितलं ते." आणि आत्याकडे वळून म्हणाले, "आक्का, तू जा की हिच्यासंगं. एकटी हाय."

आत्यानं नेहमीप्रमाणे म्हशीचं नाव काढलं. आईनं ते आधीच मिटवून ठेवलं होतं. शेजारच्या घरी धारेचं सांगितलं होतं. "वन्सं, लुगडं नेसा," ती म्हणाली. आत्या कुरकुरत आत गेली आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. त्यावरून मला वाटतं, कधी तरी तिला यायचं होतंच.

लोणावळ्यात उतरल्यावर आत्यानं चिक्की, बंगले, टांगे सगळं बघितलं आणि कशालाच बरं-वाईट म्हटलं नाही. धरणावर जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "हितनं घाट किती लांब?"

"कुठला घाट?" मी म्हटलं.

"खंडाळ्याचा. खालती खोपोली दिसती म्हणत्यात."

आईनं तिच्याकडे बघितलं. मग डबा बांधला आणि आम्ही एसटीच्या थांब्यावर गेलो. खोपोलीकडे जाणारी गाडी मिळाली, तिनं आम्हाला घाटमाथ्यावर सोडलं. तिथून खाली सगळं कोकण पसरलेलं दिसतं. त्या दिवशी उन्हानं धूसर होतं, पण खोपोलीची घरं, धूर, झाडांचे पट्टे आणि त्यांच्यामधून जाणारा रस्ता ओळखू येत होता. आत्या कडेपासून जरा आत, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

"कुटं हाय तुमचं गाव?" आईनं विचारलं.

आत्यानं बोट केलं. "त्या डोंगराच्या सोंडंमागं. दिसत न्हाई. पर हाय तितंच." मग म्हणाली, "माझी जाऊ असंल. धाकटी. दोघी एकाच वर्सी नवऱ्या हून आलो. दळाण एका जात्यावर, पाणी एका पाणवठ्यावर. मला भावानं वर आणलं तवा ती गाडीरस्त्यापोत्तर आलती. म्हणली, येत जा. मी बी म्हणलं, येती."

"मग कधी गेला न्हाई?"

"कुणी नेलंच न्हाई," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात कुणाबद्दल तक्रार नव्हती. "अन् मी बी म्हणलं न्हाई कुणाला. कामात दिस जात्यात."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते मला दिसलं नाही, कारण ती खालीच बघत होती. मी तिचा हात धरला. आत्याच्या हाताला कायम शेणाचा अन् दुधाचा मिळून एक वास असायचा. आई म्हणाली, "वन्सं, ती हयात असंल तर तिला हितं बोलवू. तुमी जायला नको, तिनं गावाला यायला नको. मधीच लोणावळा हाय."

हे आईला त्या क्षणी सुचलं की धरणापासून तिच्या मनात होतं, ते मी तिला कधी विचारलं नाही.

कामशेतच्या आठवडी बाजारात घाटाखालून बायका सुकट-बोंबील विकायला यायच्या. आईनं त्यांच्यातली एक खोपोलीकडची शोधून काढली. निरोप गेला, आणि भातलावणीच्या सुमाराला उलटा निरोप आला. जाऊ हयात होती. गुडघे दुखत होते, पण येईन म्हणाली होती. चैत्रात जत्रा झाल्यावर, लोणावळ्याच्या एसटी थांब्यावर. त्या वर्षभर आत्या कुणाशीच त्याबद्दल बोलली नाही. मात्र जत्रेच्या आधी तिनं पापड्या केल्या, कुरडया केल्या, तांदळाचं पीठ दळून ठेवलं, आणि सगळं एका गाठोड्यात बांधलं तेव्हा ते उचलायला आबा लागले.

आबांना त्या वर्षी सुट्टी मिळाली होती. आम्ही सगळेच गेलो. वाटेत आत्याचा धीर सुटला. "मी वळखणार न्हाई तिला," ती म्हणाली. "तरणीताठी हुती तवा. आता म्हातारी बाई कुणासारखी बी दिसती."

थांब्यावर खोपोलीची गाडी आली. माणसं उतरली. चार-पाच म्हाताऱ्या उतरल्या, आणि आत्या एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांतली एक आमच्यासमोरून गेलीसुद्धा, तिनंही आत्याकडे बघितलं आणि पुढे गेली. तेवढ्यात गाडीपाशी कुणी तरी कंडक्टरशी भांडायला लागलं. "आरं, फणस हाय त्यो, धोंडा न्हाई! हळू दे की खाली!"

आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "तिचाच आवाज," ती म्हणाली.

ती गाडीकडे निघाली. आत्या कधी धावलेली मला आठवत नाही, त्या दिवशीही ती धावली नाही, पण आमच्या आबांच्या चालीनं गेली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. जाऊबाईंच्या सोबत त्यांची लेक होती. तिनं फणस धरला म्हणून बरं, नाही तर तो खालीच गेला असता. दोघींनी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवले. पहिलं वाक्य जाऊबाईच बोलल्या. "येती म्हणली हुतीस."

"आलेय की," आत्या म्हणाली.

त्या दिवशी आम्ही धरणावर गेलो, पण दोघींना धरण दिसलं असेल असं वाटत नाही. जांभळाखाली पाय पसरून त्या बोलत बसल्या. कोण गेलं, कोण कुठे दिली, कोणत्या विहिरीला अजून पाणी आहे. मधेच हसायच्या, आणि का हसल्या ते आम्हाला सांगायच्या नाहीत. आबा आणि आई थोडं बाजूला बसले होते. आबा हळूच आईला म्हणाले, "ह्ये तू केलंस."

"तुमी लोणावळ्याला आणलं म्हणून," आई म्हणाली. दोघांनी ते वाटून घेतलं.

त्यानंतर ती रीतच पडली. दर चैत्रात जाऊबाई घाट चढून यायच्या, आणि एका वर्षी आत्याच त्यांच्याबरोबर खाली गेली. थांब्यावर निरोप देताना तिनं आईला बजावलं, "म्हशीला पेंड वेळेवर घाल. मी सुट्टीवर चाललेय." आंबे संपेपर्यंत ती कोकणात राहिली. परत आली ती काळवंडून आणि अंगानं भरून. म्हैस तिच्याकडे दोन दिवस बघेना, पण आत्याला त्याचं काही वाटलं नाही. "रुसू दे," म्हणाली. "मी फुडल्या वर्सी बी जाणार हाय."

माझं लग्न तळेगावला झालं. सासरी मी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की चैत्रात मला माहेरी जायला लागतं. कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, हवा खायला. त्यांना वाटलं सुनेला दमा आहे.

सत्तर सालानंतर, आबांनी डबे वाहणं सोडलं त्या वर्षी, पहिल्यांदा आम्ही लोणावळ्यात मुक्कामाला राहिलो. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. भाऊ कामशेतला दुकानात लागला होता, त्यानं ओळखीनं एका जुन्या बंगल्यामागची खोली मिळवून दिली. माळ्यासाठी बांधलेली, पण माळी आता राहत नव्हता. दोन खाटा, एक स्टो, दारापुढे पायरी आणि तिच्यासमोर करवंदीची जाळी. आम्ही बाकीचे जमिनीवर झोपलो.

सकाळी मुलीच्या रडण्यानं मी जागी झाले. ऊन दारातून आत आलं होतं. आबा स्टोपाशी उकिडवे बसून चहा करत होते. त्यांना चहा करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आत्या पायरीवर बसून बाहेर बघत होती. मी काही बोलणार, तेवढ्यात आबांनी बोट ओठांवर ठेवून खाटेकडे खूण केली.

आई झोपली होती. इतकं ऊन वर आलेलं असताना आई झोपलेली मी कधीच पाहिली नव्हती. आम्ही उठायच्या आत तिचं सडासारवण, पाणी, दळण झालेलं असायचं. ती झोपते कशी हेच मला माहीत नव्हतं. एका कुशीवर, हात उशाखाली, केस सुटलेले. मी मुलीला घेऊन पायरीवर आत्याशेजारी जाऊन बसले, आणि ती रडू नये म्हणून तिला पदराखाली घेतलं.

बऱ्याच वेळानं आई जागी झाली. उन्हाकडे बघून ती दचकून उठून बसली, पदर सावरायला लागली. "अगं बया. उठवायचं न्हाई का? किती वर आलाय दिस."

"येऊ दे," आबा म्हणाले. त्यांनी कपबशी तिच्यापुढे धरली. "च्या घे."

आईनं कपाकडे बघितलं, आबांकडे बघितलं, मग आमच्याकडे. ती खाटेवरून उतरली नाही. केस तसेच सुटलेले ठेवून तिनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि सावकाश प्यायली. संपल्यावर बशी पुन्हा पुढे केली.

"आजून हाय का?" म्हणाली. "अन् आज कुटं जायचं, ते ठरवा."